गुलामांचा कप्तान जॉन न्यूटन : तुफानात देव आठवला, पाप उघड कबूल करायला चाळीस वर्षं लागली

'अमेझिंग ग्रेस' हे इंग्रजी ख्रिस्ती गीत आपल्या तालुक्यातल्याही अनेकांच्या कानावरून गेलेलं असेल. चर्चमध्ये गायलं जातं, मयतीला वाजतं, मोबाइलवर फिरतं. हे गीत लिहिणारा माणूस जन्मापासून साधुसंत असेल असं कुणालाही वाटावं. पण जॉन न्यूटन हा गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता. तरुणपणी त्यानं नौदलाला दगा दिला. ज्या साखळदंडातल्या माणसांनी उपाशीपोटी त्याला आपल्यातला घास दिला, त्यांच्याच लोकांना त्यानं पुढं जहाजात कोंबून विकलं. त्याला पश्चात्ताप झाला हे खरं, पण तो एका रात्रीत पुरा झाला नाही. त्याची ही गोष्ट आहे.

आई गेली, पोर समुद्रावर गेलं

न्यूटनचा जन्म 1725 सालचा, लंडनमधल्या वॉपिंग भागातला. थेम्स नदीच्या काठची ही वस्ती, सगळी खलाशांची आणि गोदीवाल्यांची. बाप जहाजावर कप्तान, वर्षाचे कित्येक महिने घराबाहेर. आई एलिझाबेथ मोठी धार्मिक बाई. पोराला तिनं अगदी लहानपणी वाचायला शिकवलं, बायबलमधले उतारे आणि गीतं तोंडपाठ करून घेतली. तो पाळक व्हावा अशी तिची इच्छा होती. पण तिला क्षयानं गाठलं. पोर सात वर्षांचंही झालं नव्हतं तोच 1732 साली ती गेली.

बापानं दुसरं लग्न केलं. अकराव्या वर्षी पोरगा बापाबरोबर जहाजावर चढला. समुद्रावर त्याच्या अंगात जे शिरलं ते आईनं शिकवलेल्याच्या अगदी उलट होतं. शिव्या अशा द्यायचा की मुरलेले खलाशीही दचकायचे. देवाची टिंगल करायची, दुसऱ्याचाही विश्वास उडवायचा, यात त्याला मोठेपण वाटायला लागलं.

बापानं त्याला जमैकात एका मळ्यावर कामाला पाठवायचं ठरवलं होतं. जायच्या आधी 1742 च्या डिसेंबरात तो केंट परगण्यात आईच्या मैत्रिणीच्या घरी गेला. तिथं त्यानं मेरी कॅटलेट ही मुलगी पाहिली आणि तिच्यावर जीव जडला. तीन दिवसांसाठी गेलेला पोरगा तीन आठवडे हलला नाही. जहाज निघून गेलं. बाप संतापला. पण ही मेरी पुढं आयुष्यभर त्याच्या मनात राहिली.

पहारेकरीच पळाला

1744 साली इंग्लंडच्या नौदलानं त्याला सक्तीनं भरती केलं. त्या काळी बंदरावरची तरणी पोरं अशीच पकडून नेत. 'हार्विच' नावाच्या लढाऊ जहाजावर तो गेला. बापाच्या ओळखीनं त्याला कनिष्ठ अधिकाऱ्याची जागाही मिळाली. पण जहाज आता लांबच्या सफरीवर जाणार, पाच वर्षं परत येणार नाही, असं कळल्यावर त्याचं चित्त उडालं.

जहाज प्लिमथला थांबलेलं असताना एक दिवस त्याला होडीतून किनाऱ्यावर पाठवलं. काम कोणतं, तर सोबतचे खलाशी पळून जाऊ नयेत म्हणून लक्ष ठेवायचं. ज्याला राखण करायला पाठवलं तोच पळाला. सैनिकांनी त्याला वाटेत धरलं, बेड्या घालून जहाजावर आणलं, सगळ्यांसमोर उघड्या अंगावर चाबकाचे फटके मारले आणि पद काढून घेतलं. कप्तानानं विश्वासानं काम दिलं होतं, आपण विश्वासघात केला, हे न्यूटननं पुढं स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्या वेळी मात्र त्याच्या मनात पश्चात्ताप नव्हता, सूडच होता. कप्तानाचा जीव घ्यावा, नाहीतर समुद्रात उडी टाकावी, असे विचार त्याच्या डोक्यात घोळत होते.

साखळदंडातल्यांनी दिलेला घास

मादेरा बेटाजवळ त्याची अदलाबदल झाली आणि तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडं जाणाऱ्या व्यापारी जहाजावर चढला. आज सिएरा लिओन म्हणतात त्या मुलखात तो एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याकडं नोकरीला राहिला. प्लँटेन नावाच्या लहानशा बेटांवर त्या व्यापाऱ्याचा कारभार होता. न्यूटनला वाटलं आपणही इथं पैसा करू. झालं भलतंच. तो तापानं आडवा पडला. मालक सफरीवर गेलेला आणि मालकाच्या आफ्रिकी बायकोला हा डोळ्यांसमोर नको. लाकडाचा ओंडका उशाला, प्यायला पाण्याचीही मारामार. तिच्या ताटात उरलेलं कधी मिळालं तर मिळालं. भुकेपोटी तो रात्री शेतातली मुळं उपटून कच्चीच खायचा.

अशा वेळी त्याला जगवलं कुणी? तिथं साखळीत बांधून ठेवलेल्या गुलामांनी. त्यांना स्वतःलाच मुठीएवढं मिळायचं. त्यातलं थोडं ते कुणी बघणार नाही अशा बेतानं याला आणून द्यायचे. पकडले असते तर त्यांची धडगत नव्हती. ही गोष्टही न्यूटननंच लिहून ठेवली आहे.

याच बेटावर तो मालकाच्या हाताखाली लिंबाची रोपं लावत होता. मालकानं चेष्टा केली, की ही झाडं फळाला येईपर्यंत तू इंग्लंडला जाऊन स्वतःचं जहाज घेऊन परत येशील आणि यांची लिंबं तोडशील. चेष्टाच होती ती, पण तसंच घडलं. काही वर्षांनी न्यूटन खरोखर कप्तान होऊन त्या बेटावर आला आणि त्याच झाडांची पहिली लिंबं त्यानं तोडली. फक्त तो आला होता गुलाम विकत घ्यायला.

तुफानाची रात्र

बापानं एका कप्तानाला पोराचा शोध घ्यायला सांगितलं होतं. 'ग्रेहाउंड' नावाच्या त्या जहाजावरून 1748 साली न्यूटन परतीला लागला. जहाजात सोनं, हस्तिदंत, मेण आणि रंगाचं लाकूड भरलेलं. मार्च महिन्यात उत्तर अटलांटिकमध्ये रात्री तुफानानं जहाजाला धरलं. बाजूच्या फळ्या उखडल्या, पाणी आत घुसलं. न्यूटन वर जायला निघाला, तेवढ्यात कप्तानानं त्याला सुरी आणायला माघारी पाठवलं. त्याच्या जागी दुसरा गडी वर गेला आणि लाटेनं त्याला तिथल्या तिथं उचलून नेलं.

पहाटे तीनपासून दुपारपर्यंत न्यूटन पंप मारत राहिला. लाटेनं वाहून जाऊ नये म्हणून स्वतःला दोरीनं बांधून घेतलं होतं. नंतर मध्यरात्रीपर्यंत सुकाणू धरून उभा राहिला. भोकं बुजवायला अंथरुणं-कपडे कोंबले होते. मेण आणि लाकूड पाण्यापेक्षा हलकं, म्हणून जहाज तरंगत राहिलं. त्या रात्री त्याच्या तोंडून देवाच्या दयेची भाषा निघाली आणि तो स्वतःच दचकला. आपल्यासारख्याला कसली दया, असं त्याला वाटलं. पुढं जवळजवळ चार आठवडे ते मोडकं जहाज समुद्रावर भरकटलं. खाण्याचे हाल झाले. अखेर एप्रिलमध्ये आयर्लंडचा किनारा लागला.

त्या तुफानाची तारीख, 21 मार्च, न्यूटननं मरेपर्यंत दरवर्षी पाळली. शिव्या सुटल्या, देवाची टिंगल सुटली, प्रार्थना सुरू झाली. ख्रिस्ती भाषेत सांगायचं तर माणूस परत फिरला.

वर प्रार्थना, खाली साखळदंड

इथंच गोष्ट संपली असती तर ती इतर अनेक गोष्टींसारखीच झाली असती. पण ती इथं संपत नाही. तुफानातून वाचलेला न्यूटन त्याच वर्षी गुलामांच्या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून पुन्हा आफ्रिकेला गेला. 1750 साली मेरीशी त्याचं लग्न झालं आणि त्याच वर्षी तो कप्तान झाला. 'ड्यूक ऑफ आर्गाइल' आणि 'आफ्रिकन' या जहाजांवर 1750 ते 1754 या काळात त्यानं कप्तान म्हणून तीन सफरी केल्या.

धंद्याची रीत ठरलेली. इंग्लंडहून माल भरायचा, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याच्या बदल्यात माणसं घ्यायची, ती समुद्रापार नेऊन मळेवाल्यांना विकायची आणि तिकडून साखरेसारखा माल घेऊन परत यायचं. वेस्ट इंडिजच्या बेटांवर हे लोक उसाच्या फडात राबायचे. ऊस तोडणं, वाहणं, गाळणं म्हणजे काय कष्ट असतात ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. तिथं ते काम चाबकाखाली, बिनमजुरीचं आणि जन्मभराचं होतं.

शंभर टनांच्या जहाजात सव्वादोनशे-अडीचशे माणसं भरत. तळातल्या खोलीची उंची जेमतेम पाच फूट, तीही मधे फळी टाकून दोन थरांत वाटलेली. फडताळात पुस्तकं लावावीत तशी माणसं एकमेकांना चिकटवून आडवी झोपवायची. पुरुषांना दोघादोघांना मिळून बेड्या. कूस बदलायची तरी दुसऱ्याला दुखवल्याशिवाय बदलता येत नसे. कित्येक वाटेतच मरत आणि प्रेतं समुद्रात टाकली जात. बंडाचा संशय आला म्हणून न्यूटननं पोरांचे अंगठे दाबायच्या यंत्रात घातले, अशी नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे.

आणि त्याच जहाजाच्या वरच्या फळीवर हा कप्तान दर रविवारी दोनदा खलाशांना गोळा करून प्रार्थना चालवायचा. बायकोला प्रेमाची लांबलचक पत्रं लिहायचा. आपण ढोंग करतोय असं त्याला वाटत नव्हतं. धंदा कायदेशीर होता, सरकारचा पाठिंबा होता, चर्चचे मोठमोठे लोक त्यात पैसा घालत होते. एका सफरीत त्याच्या जहाजावर एकही माणूस दगावला नाही, तेव्हा लिव्हरपूलमध्ये त्याचं कौतुक झालं. हे काम तुरुंगाच्या शिपायासारखं आहे, याहून बरं काही मिळावं, असं अधूनमधून त्याच्या मनात यायचं. पण सोडलं मात्र नाही.

सुटलं ते आजारपणामुळं. 1754 साली पुढच्या सफरीला निघायच्या दोन दिवस आधी बायकोसोबत चहा पिताना त्याला झटका आला आणि तो बेशुद्ध पडला. डॉक्टरांनी समुद्र बंद केला. तेव्हा तो 29 वर्षांचा होता.

पाळक न्यूटन

लिव्हरपूलच्या बंदरावर न्यूटनला जकातीच्या खात्यात चांगली नोकरी मिळाली. फावल्या वेळात तो ग्रीक आणि हिब्रू शिकला. पाळक व्हायची इच्छा धरली, पण बिशपांनी वर्षानुवर्षं वाटाण्याच्या अक्षता लावल्या. शेवटी 1764 साली दीक्षा मिळाली आणि बकिंगहॅमशरमधल्या ऑल्नी या गावी त्याची नेमणूक झाली.

ऑल्नी गरीब गाव. घरोघर बायापोरं लेस विणायची, अंधाऱ्या खोल्यांत, थोड्या मजुरीवर. न्यूटन पाळक लोकांच्या दारात जात, कधी खलाशाचा जुना कोट घालून. त्यांची भाषा सोपी, लोकांना कळणारी. गर्दी एवढी वाढली की चर्चमध्ये नवी गॅलरी बांधावी लागली. कवी विल्यम कूपर मनाच्या आजारानं पार खचला होता, जीव द्यायला निघायचा. न्यूटन नवराबायकोनं त्याला वर्षाहून जास्त काळ आपल्या घरी सांभाळलं. दोघांनी मिळून लिहिलेला गीतसंग्रह 1779 साली छापून आला. 'अमेझिंग ग्रेस' त्यातच आहे. ते 1773 च्या पहिल्या दिवसाच्या उपासनेसाठी लिहिलं होतं असं मानलं जातं.

1780 मध्ये न्यूटन लंडनच्या सेंट मेरी वुलनॉथ चर्चमध्ये गेले. आता त्यांचं नाव झालं होतं. पुस्तकं खपत होती, लांबून माणसं सल्ल्याला येत होती. आपली जीवनकहाणी त्यांनी 1764 सालीच छापली होती. त्यात शिव्याशाप, नास्तिकपणा, पळून जाणं, सगळं कबूल केलं होतं. पण गुलामांचा धंदा हाच मोठा गुन्हा होता, असं त्यात कुठं म्हटलेलं नव्हतं.

अब्रू पणाला लावली

1785 च्या डिसेंबरात एक तरुण खासदार गुपचूप न्यूटनना भेटायला आला. विल्यम विल्बरफोर्स, वय 26. दार वाजवायच्या आधी त्यानं चौकाला दोन चकरा मारल्या, कुणी बघेल म्हणून. त्याला राजकारण सोडून धर्मकार्य करायचं होतं. न्यूटननी त्याला सल्ला दिला की आहेस तिथंच राहा, देवाला तुझा उपयोग तिथंच होईल. दोनच वर्षांत, 1787 मध्ये, गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी लंडनमध्ये समिती स्थापन झाली आणि संसदेतली लढाई विल्बरफोर्सनं हाती घेतली.

आता न्यूटनपुढं प्रश्न उभा राहिला. वय 62. चांगलं नाव, भरलेलं चर्च, आजारी बायको. गप्प बसले असते तर कुणी बोट दाखवलं नसतं. बोलायचं तर आपण काय काय केलं ते सांगावं लागणार होतं. व्यापारी चिडणार होते, आणि लोक विचारणार होते की इतकी वर्षं पाळकसाहेब कुठं होते?

1788 साली न्यूटननी आफ्रिकी गुलामांच्या व्यापाराविषयी एक छोटं पुस्तक छापलं. जहाजाच्या तळातली ती फडताळं, बेड्या, चाबूक, अंगठे दाबायची यंत्रं, बायकांवर होणारे अत्याचार, सगळं त्यात मांडलं. एका जहाजावरच्या अधिकाऱ्यानं रडतं तान्हं मूल आईच्या कुशीतून ओढून समुद्रात फेकलं होतं, तेही लिहिलं. हे सांगताना त्यांनी सबबी पुढं केल्या नाहीत. धंदा कायदेशीर होता, वय लहान होतं, सगळेच करत होते, असं म्हणून अंग काढून घेतलं नाही. ज्या कामाच्या आठवणीनं आता काळीज थरथरतं त्या कामात आपण स्वतः भाग घेतला, ही कबुली फार उशिरा येते आहे आणि झालेलं नुकसान तिनं भरून येणार नाही, असंच त्यांनी जाहीर केलं. पुस्तकाच्या प्रती खासदारांना वाटल्या गेल्या.

कागदावर लिहूनच ते थांबले नाहीत. 1790 मध्ये संसदेच्या समितीपुढं उभं राहून त्यांनी साक्ष दिली. व्यापारी लॉबीचे साक्षीदार सांगत होते की गुलाम जहाजावर मजेत असतात. त्यांना खोटं पाडायला ज्यानं ते जहाज चालवलं तोच माणूस उभा राहिला, याला वजन होतं. त्याच वर्षी डिसेंबरात मेरी कर्करोगानं गेली. 1791 मध्ये संसदेनं बंदीचा ठराव फेटाळला. न्यूटन मात्र आपल्या शब्दावरून हटले नाहीत.

मराठीशी एक धागा

याच न्यूटनकडं भारतात निघालेला विल्यम कॅरी सल्ल्याला गेला होता. ऑल्नीच्या पंचक्रोशीतच वावरलेला हा चांभारकाम करणारा तरुण 1793 साली बंगालला आला. पुढं त्यानं वैद्यनाथ पंडितांच्या मदतीनं मराठीचा अभ्यास केला. त्याचं मराठी व्याकरण सेरामपूरला 1805 साली छापलं गेलं, त्यानंतर शब्दकोशही आला. मराठी छपाईच्या सुरुवातीच्या पुस्तकांत ही नावं घेतली जातात.

दोन प्रकारचा पस्तावा

शुभवर्तमानात येशूला अंतर देणारे दोघे शिष्य आहेत. यहूदानं तीस नाण्यांसाठी धन्याला पकडून दिलं. पेत्रानं कोंबडा आरवायच्या आत तीनदा ओळख नाकारली. वाईट दोघांनाही वाटलं. यहूदानं तर नाणी परत नेऊन टाकली, पण पुढं त्यानं गळफास घेतला. पेत्र रडला आणि माघारी आला, ज्या माणसांसमोर मान खाली गेली होती त्यांच्यातच राहिला आणि त्यानं काम केलं. मंडळीत या दोघांची तुलना नेहमी होते.

न्यूटनच्या आयुष्यात या तुलनेला आणखी एक बाजू दिसते. 1748 च्या तुफानात ते देवापुढं रडले, ते खरंच होतं. पण ज्यांचं वाईट केलं त्यांच्या बाजूनं उभं राहायला 1788 उजाडलं. मधल्या काळात प्रार्थना होती, भक्ती होती, चांगलं नावही होतं, आणि तरी हिशेब बाकी होता. अब्रू जपायची म्हणजे डाग झाकायचा, अशी आपल्याकडंही पुष्कळांची समजूत असते. न्यूटननी डाग स्वतः दाखवला आणि त्यांचं नाव त्यामुळंच टिकलं. ज्यांना त्यांनी विकलं ते लोक मात्र घरी परतले नाहीत, हेही विसरता येत नाही.

शेवट

म्हातारपणी न्यूटनना दिसेनासं झालं, ऐकू कमी येऊ लागलं, स्मरणशक्ती गेली. तरी 1806 पर्यंत ते प्रवचन देत राहिले. 1807 च्या मार्चमध्ये ब्रिटिश संसदेनं गुलामांच्या व्यापारावर बंदीचा कायदा केला. ही बातमी ऐकायला न्यूटन हयात होते. त्याच वर्षी 21 डिसेंबरला वयाच्या 82 व्या वर्षी ते वारले. ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी मोडायचा कायदा व्हायला पुढं 1833 साल उजाडावं लागलं.

आपल्या स्मृतिशिलेवरचा मजकूर न्यूटननी स्वतःच लिहून ठेवला होता. आपण एकेकाळी नास्तिक आणि बेताल होतो, आफ्रिकेत गुलामांचे चाकर होतो आणि येशूच्या दयेनं वाचलो, असा त्याचा आशय. कप्तानकीचा उल्लेख त्या शिलेवर नाही. तो 1788 च्या पुस्तकात आहे आणि त्यांच्या हातच्या रोजनिशीत आहे. ती रोजनिशी आजही इंग्लंडमध्ये ग्रीनिचच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. त्यात किती माणसं घेतली, किती मेली, याच्या तारीखवार नोंदी आहेत. मेलेल्यांपुढं नावं नाहीत, फक्त आकडे आहेत.